बाबांचा संग्रह क्लाउडवर नेताना: जपणं वेगळं, ऐकणं वेगळं

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय: "बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्या साधारण ३५० कॅसेट, २२० सीडी, ६० एलपी आणि लॅपटॉपवर बारा हजारांच्या आसपास एमपीथ्री गाणी आहेत. त्यांच्या गुगल खात्यातही त्यांनी काही चढवून ठेवलं होतं. भाऊ जर्मनीत, बहीण नाशिकला, आई इथे माझ्याजवळ. सगळं क्लाउडवर टाकून आम्हा चौघांना कुठूनही ऐकता येईल अशी कोणती सेवा घ्यावी? एका कॅसेटवर बाबांच्या अक्षरात फक्त 'घरी, पाऊस' एवढंच लिहिलंय. ती मला सगळ्यात आधी ऐकायची आहे."

ताई, तुमच्या प्रश्नात दोन कामं एकत्र झाली आहेत. एक जपण्याचं, दुसरं ऐकण्याचं. बावीस वर्षं मी पुण्यात घरोघरचे जुने संग्रह डिजिटल करून देतोय. ज्यांची गाणी कायमची गेली अशा माणसांनी बहुतेक वेळा ही दोन्ही कामं एकाच सेवेवर सोपवली होती. ऐकण्याची सोय दर काही वर्षांनी बदलते. गुगल प्ले म्युझिकमध्ये स्वतःची ५०,००० गाणी चढवता यायची, ती सेवा डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. ज्यांनी वेळेत गाणी यूट्यूब म्युझिककडे वळवली नाहीत किंवा उतरवून घेतली नाहीत, त्यांची २०२१ च्या फेब्रुवारीनंतर पुसली गेली. गुगलने आगाऊ कळवलं होतं, पण अशी पत्रं किती जण उघडून वाचतात? म्हणून सगळ्यात वरचा नियम असा धरा: मूळ फाइली तुमच्या घरच्या डिस्कवर, तुम्ही ठेवलेल्या नावांनी. क्लाउडवर त्यांची प्रत. आणि ऐकण्याचं ॲप म्हणजे वरचा पातळ थर, जो उद्या बदलला तरी खालच्या फाइलींना धक्का लागणार नाही.

पण त्याआधी एक काम आजच करा. दोन वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं. हे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं असेल आणि त्यानंतर त्या खात्यात कुणीच शिरलं नसेल, तर हातात फार दिवस नाहीत. पासवर्ड असेल किंवा त्यांच्या जुन्या फोनमध्ये खातं अजून उघडं असेल, तर 'टेकआउट' नावाच्या सोयीतून सगळं उतरवून घ्या. यूट्यूब म्युझिकवर चढवलेली गाणीही त्यात मिळतात. पासवर्ड नसेल तर दिवंगत व्यक्तीच्या खात्यासाठी कुटुंबीयांना गुगलकडे अर्ज करता येतो. त्याला कागदपत्रं आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून तो आजच भरा.

आता तुम्ही म्हणाल, फाइली एखाद्या मोठ्या संगीत सेवेवर चढवल्या की काम संपलं, मग वेगळी डिस्क कशाला? माझ्या एका ग्राहकांच्या घरी काय झालं ते सांगतो. त्यांच्या वडिलांकडे एका गायकाचा खासगी बैठकीतला यमन होता. त्यांनी तो एका सेवेवर चढवला. त्या सेवेची पद्धत अशी, की चढवलेली फाइल तिच्या भांडारातल्या गाण्याशी जुळते असं वाटलं की ती आपल्याकडचीच प्रत ऐकवते. कलाकार तोच, राग तोच, शीर्षक तेच. वर्षभराने त्यांना कळलं की आपण ऐकतोय ती बाजारात छापून आलेली तबकडी आहे, बैठकीतला यमन नाही. मूळ कॅसेट तोवर रद्दीत गेली होती. आपल्या संगीतात हा धोका इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी मोठा आहे. एकाच गायकाचा एकच राग पन्नास वेळा गायलेला असतो आणि प्रत्येक वेळचा वेगळा असतो. यंत्राला ते पन्नासही 'यमन'च दिसतात.

ॲपल म्युझिकमध्ये स्वतःची एक लाखापर्यंत गाणी ठेवता येतात, पण मूळ दर्जाची फाइल २५६ केबीपीएसच्या एएसी, म्हणजे आवाजातला काही भाग टाकून लहान केलेल्या, फाइलमध्ये बदलूनच वर जाते. शिवाय २०० एमबीपेक्षा मोठी किंवा दोन तासांपेक्षा लांब फाइल चढतच नाही. पूर्ण मैफल एकाच फाइलमध्ये असेल तर ती तिथेच अडकते. यूट्यूब म्युझिकवरही एक लाख गाणी चढतात. ऐकण्यासाठी दोन्ही चांगल्या आहेत, जपण्यासाठी दोन्हींवर विसंबू नका.

पुढचं काम निवडीचं, आणि त्यात तुमची आई लागेल. ३५० कॅसेटची सरासरी सव्वा तास धरली तर जवळपास ४४० तास होतात. कॅसेट वाजायला लागतो तेवढाच वेळ ती डिजिटल व्हायला लागतो, त्यात घाई करता येत नाही. रोज रात्री दोन तास दिलेत तरी सात महिने जातील. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त लोक चौथ्या आठवड्यात दमून थांबतात, आणि तोवर त्यांनी केलेल्या असतात त्या बाजारात सहज मिळणाऱ्या भावगीतांच्या कॅसेट, कारण त्या खोक्यात वरच असतात. म्हणून आधी तीन ढीग करा. छापील आणि आज कुठल्याही सेवेवर ऐकायला मिळणाऱ्या कॅसेट एका बाजूला ठेवा, त्यांना हात लावू नका. त्यांच्या झिजलेल्या प्रतीवर तुमची एक रात्रही खर्च होऊ नये. दुसरा ढीग छापील पण दुर्मीळ कॅसेटचा. पुण्याच्याच अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेट असतील तर एकेक नाव शोधून पाहा आणि मगच कोणत्या ढिगात टाकायच्या ते ठरवा. तिसऱ्या ढिगात हाताने लिहिलेलं सगळं: रेडिओवरून उतरवलेलं, रमणबागेतल्या सवाईच्या रात्री मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेलं, घरच्या गणपतीत कुणीतरी गायलेलं, आजीच्या ओव्या. हा ढीग जगात फक्त तुमच्याकडे आहे. तुमच्या संग्रहात तो शंभरेक कॅसेटचा निघेल असं धरू. म्हणजे सव्वाशे तास, दोन महिन्यांच्या रात्री. हे काम पुरं होण्यासारखं आहे.

प्रत्येक कॅसेटला लेबलवर पेन्सिलीने क्रमांक द्या आणि आतल्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोरी बाजूसुद्धा. बाबांनी कुठे तारीख लिहिली असेल, कुठे साथीदाराचं नाव, कुठे नुसती खूण. ते अक्षर हाही संग्रहाचाच भाग आहे. फाइलला नाव देताना फक्त तो क्रमांक आणि बाजू द्या: 'क०४७-अ', 'क०४७-ब'. बाकी माहिती फाइलच्या आत टॅगमध्ये, म्हणजे फाइलसोबतच राहणाऱ्या माहितीच्या कप्प्यांत, आणि एका तक्त्यात. नावात सगळं कोंबलं की ते प्रत्येक यंत्रावर वेगळ्या जागी तुटतं.

कॅसेट लावण्याआधी खिडकीशी धरून बघा. पुण्यातले चार पावसाळे बंद कपाटात काढलेल्या फितीच्या कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. ती हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. वेगळ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जाणकाराकडे द्या. ज्या कॅसेट स्वच्छ आहेत त्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणावर बसलेली फीत मोकळी होते. आतली छोटी स्पंजची गादी सुटली असेल तर आवाज दबका येतो. पाच स्क्रूची कॅसेट उघडून गादी बदलता येते. चिकटवून बंद केलेली असेल तर फीत दुसऱ्या कवचात बसवावी लागते.

यूएसबीवर चालणारे स्वस्त, हातात मावणारे कॅसेटप्लेअर ऑनलाइन भरपूर दिसतात. कृपया घेऊ नका. त्यांचा वेग डळमळतो, आणि तानपुऱ्याचा षड्ज डळमळला की सगळी मैफलच गेली. जुना पण चांगला डेक, म्हणजे घरच्या स्टिरिओला जोडायचा मोठा कॅसेटप्लेअर, मिळवा. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात कधी सापडतो, पण त्याहून ओळखीच्यांना विचारा. पुण्यातल्या किती माळ्यांवर चांगले डेक पडून आहेत! पट्टे आणि सुटे भाग तपकीर गल्लीत विचारून बघा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्रत्येक चार-पाच कॅसेटनंतर पुसा. रबरी चाकाला मात्र ते लावू नका, रबर कडक होतं.

आता ज्या एका गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो ती सांगतो, कारण ती कुणी करत नाही. प्लेबॅक हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा फितीशी कोन बदलतो. याला ॲझिमथ म्हणतात. बाबांनी ज्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण केलं त्याचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन वेगळा असेल, तर वरचे स्वर बोथट होतात, सगळं ब्लँकेटखालून आल्यासारखं वाटतं. हेडफोन लावा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐका आणि स्क्रू अगदी केसभर फिरवत राहा. एका जागी झांजेची, तबल्याच्या चाटीची धार अचानक उघडते. तीच जागा. हे दर कॅसेटला करावं लागतं. बाबांचा तो जुना टेपरेकॉर्डर घरात असेल तर टाकून देऊ नका. त्याचा कोन या फितींच्या सगळ्यात जवळचा असेल.

ध्वनिमुद्रण संगणकावर ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये घ्या, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर, आवाजाची शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास राहतील असं. साठवताना फ्लॅकमध्ये साठवा. फ्लॅक फाइल दाबून लहान करते पण त्यातला एक कणही टाकत नाही. शिवाय आतल्या आवाजाची एक खूणगाठ फाइलमध्येच लिहून ठेवते, त्यामुळे दहा वर्षांनी फाइल शाबूत आहे की बिघडली हे यंत्राला तपासता येतं.

आणि मूळ प्रतीवर खरखर काढण्याची प्रक्रिया करू नका. ताई, हे मी कळकळीने सांगतोय. खरखर काढणारा प्रोग्राम सतत एकसारखा चालणारा आवाज शोधून तो वजा करतो. आपल्या गाण्यात सतत एकसारखा चालणारा आवाज कोणता? तानपुरा. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाची अख्खी मैफल अशी 'स्वच्छ' करून दिली होती. गायकाच्या पुतणीने ऐकून एवढंच विचारलं, "काकांच्या मागे तानपुरा नव्हता का?" जवारीचा तो झंकार, ज्याच्यावर गायकाचा स्वर टेकलेला असतो, तो मी खरवडून काढला होता. मूळ फाइल ठेवली होती म्हणून परत करता आलं. ऐकण्याच्या प्रतीवर हलका हात चालेल. मूळ प्रत जशी आली तशी.

कॅसेटची बाजू संपते तिथे राग तुटतो. दोन्ही बाजू जोडताना मधला तुटका भाग मिश्रण करून लपवू नका. सेकंदभर शांतता सोडा, म्हणजे इथे फीत बदलली हे ऐकणाऱ्याला कळेल.

सीडीचं काम यापुढे सोपं आहे. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा. ते प्रत्येक ट्रॅक इतरांनी काढलेल्या प्रतीशी ताडून बघतं आणि चूक असेल तर सांगतं. घरी संगणकावर 'बर्न' केलेल्या सीडी आधी घ्या, छापील नंतर. घरच्या सीडींचा थर उडायला लागलेला असतो. एलपीतल्या बाजारात न मिळणाऱ्या वीसेक निघतील. त्या ज्याच्याकडे चांगली सुई आहे त्याच्याकडून करून घ्या. लॅपटॉपवरची एमपीथ्री गाणी आहेत तशीच ठेवा. एमपीथ्रीचं फ्लॅक केल्याने गेलेला आवाज परत येत नाही, नुसती जागा वाढते.

आता टॅगकडे येतो. परदेशात बनलेली सगळी ॲप गायक, अल्बम, गाणं अशा तीन कप्प्यांत विचार करतात. आपल्या संग्रहात राग, ताल, बंदिश, साथीदार, बैठकीची जागा आणि साल हेच महत्त्वाचं. फ्लॅकमध्ये हवे तितके नवे कप्पे करता येतात, म्हणून 'राग' आणि 'ताल' असे कप्पे जरूर करा. पण बहुतेक ॲप ते दाखवत नाहीत. माझी युक्ती अशी, की रागाचं नाव 'जॉनर'च्या कप्प्यातही लिहायचं. हा कप्पा सगळीकडे दिसतो. मग आईंना सकाळी भैरव किंवा तोडी हवा असेल तर एका स्पर्शात घरातले सगळे तोडी समोर येतात. साथीदार आणि जागा टिपणीत लिहा.

एकदा काय लिहायचं ते ठरवा आणि ते मोडू नका. मालकंस लिहायचं की मालकौंस? पूरिया की पुरिया? 'पंडित', 'पं.' की काहीच नाही? मी उपाधी टॅगमध्ये लिहीत नाही. आदर कमी म्हणून नव्हे, तर एकच गायक तीन नावांनी तीन ठिकाणी विखुरतो म्हणून.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः आठवडाभर अडकलो होतो. 'वऱ्हाड', 'दऱ्या', 'किनाऱ्यावर' यांतला जो अर्धा र आहे तो संगणकाच्या आत तीन प्रकारे लिहिला जातो: 'ऱ' हे सबंध अक्षर घेऊन, साध्या 'र'खाली नुक्ता देऊन, किंवा 'र्' नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र ते वेगवेगळे शब्द ठरू शकतात, आणि गाणं समोर असूनही 'सापडलं नाही' असं येतं. बाबांनी एका कीबोर्डवर टॅग लिहिले असतील, तुम्ही दुसऱ्यावर लिहाल, भाऊ तिसऱ्यावर. टॅग लिहिण्याचं काम एकाच माणसाने, एकाच यंत्रावर करावं. त्या तिन्ही प्रकारांना एकाच रूपात आणणारा 'शोधा आणि बदला' शेवटी एकदा फिरवावा.

हे सगळं मिळून जागा किती लागेल? फितींचे सव्वाशे तास साधारण नव्वद जीबी. सीडीचा एक तास फ्लॅकमध्ये सुमारे ३५० एमबी होतो, म्हणजे २२० सीडींचे ऐंशी जीबीच्या आत. एमपीथ्री साठेक जीबी, एलपी दहा. एकूण अडीचशे जीबीच्या आत सगळं बसतं. बाबांचं आयुष्यभराचं ऐकणं एका साध्या एक टीबी डिस्कच्या चौथ्या भागात मावतं! म्हणून दर्जात काटकसर करू नका. फिरत्या तबकडीच्या दोन हार्ड डिस्क वेगवेगळ्या वेळी विकत घ्या, एक तुमच्याकडे आणि दुसरी नाशिकला बहिणीकडे. कपाटात वर्षानुवर्षं न जोडता ठेवायला एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) वापरू नका, त्यातली माहिती विजेशिवाय हळूहळू विरते. तिसरी प्रत क्लाउडवर. अपलोडचा वेग ५० एमबीपीएस असेल तर अडीचशे जीबी चढायला अकरा-बारा तास लागतील. १० असेल तर अडीच दिवस. 'आरक्लोन' नावाचा मोफत प्रोग्राम हे काम मध्येच तुटलं तर चढून झालेल्या फाइली सोडून पुढे सुरू करतो, आणि हवं तर फाइली कुलूपबंद करून चढवतो.

सिंक (एका ठिकाणचा बदल आपोआप सगळीकडे जाणं) म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात असू द्या. सिंक चालू असलेल्या फोल्डरमधून भावाच्या मुलाने चुकून एक अल्बम पुसला तर तो सगळीकडून पुसला जातो. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तो तीस दिवस राहतो, मग नाही. घरच्यांना जो फोल्डर द्याल तो फक्त वाचण्यापुरता द्या. स्वस्त म्हणून 'आर्काइव्ह' प्रकारची साठवण घेतलीत तर काही सेवांत तिथून फाइल मिळायला कित्येक तास लागतात. तिसऱ्या प्रतीसाठी ती चालेल, रोज तिच्यातून गाणी वाजवायला नाही.

ऐकण्यासाठी दोन वाटा आहेत. घरात कुणाला यंत्रांची आवड नसेल तर पहिली: क्लाउड ड्राइव्हमधले फोल्डर थेट वाचून वाजवणारं ॲप घ्या. अँड्रॉइडवर सिम्फोनियम, आयफोनवर एव्हरम्युझिक. दोन्ही ड्राइव्हला जोडली की गाणी दिसायला लागतात. मासिक खर्च फक्त जागेचा.

माझी पसंती दुसऱ्या वाटेला, आणि तुमच्या भावाला संगणकाची सवय असेल तर एका रविवारचं काम आहे. घरात रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा संगणक) किंवा एखादा जुना लॅपटॉप, त्याला डिस्क, आणि त्यावर 'नॅव्हिड्रोम'. हा मोफत आणि खुला प्रोग्राम तुमच्या फोल्डरला स्वतःची संगीत सेवा बनवतो. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं, प्रत्येकाच्या आवडीच्या याद्या वेगळ्या. फाइल मूळ दर्जाची असली तरी फोनवर पाठवताना तो ती तिथल्या तिथे लहान करतो. १२८ केबीपीएसच्या ओपसमध्ये (लहान फाइलींचा एक प्रकार) तासाला ५८ एमबी लागतात, म्हणजे बहिणीचा दिवसाचा दीड जीबी डेटाही संपणार नाही. नॅव्हिड्रोम ॲपशी 'सबसॉनिक' नावाच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतो, त्यामुळे ऐकायला डझनभर ॲप आहेत. एक आवडलं नाही तर दुसरं. फाइली जागच्या हलत नाहीत.

जर्मनीतून ते उघडणार कसं, हा प्रश्न इथे सगळ्यांना अडवतो. आपल्याकडे अनेक ब्रॉडबँड कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरमध्ये बाहेरच्या जोडणीचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुमचं घर तसंच आहे. तिथे पोर्ट (राउटरमधून आत यायची वाट) उघडण्याचा कितीही खटाटोप केला तरी बाहेरून आत येता येणार नाही. 'टेलस्केल' वापरा. ते चौघांच्या यंत्रांचं एक खासगी जाळं विणतं, आणि घरचा सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवावाही लागत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की गाणी थांबतील, म्हणून राउटर आणि तो रास्पबेरी पाय दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यात मिसळणं) बंद करा, नाहीतर विलंबित संपून द्रुत सुरू होतानाची ती एक श्वासाची जागा नाहीशी होते. आवाज सारखा ठेवण्याची सोय 'अल्बम'वर ठेवा, 'ट्रॅक'वर नको. ट्रॅकवर ठेवली तर वाद्यावरचा संथ आलाप आणि शेवटचा वेगवान 'झाला' एकाच पातळीवर येतात.

आईंसाठी मात्र मी क्लाउड सुचवणार नाही. सगळ्या संग्रहाची ओपस आणि एमपीथ्री प्रत ऐंशी-पंच्याऐंशी जीबीत बसते. ती १२८ जीबीच्या मेमरी कार्डवर घाला, कार्ड एका साध्या फोनमध्ये, फोन हॉलमधल्या स्पीकरला. पासवर्ड नाही, नेट नाही, 'लॉगिन पुन्हा करा' नाही. आणि त्यांच्याशेजारी बसून ऐका. ही कोणाची पेटी, हे घर कुठलं, मागे हसणारं कोण, हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येईल? त्या बोलतात ते फोनवर ध्वनिमुद्रित करून त्याच क्रमांकाने, 'क०४७-आई' असं, शेजारी ठेवा.

कायद्याबद्दल थोडक्यात. स्वतःच्या खासगी वापरासाठी रास्त मर्यादेत केलेल्या वापराला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ नुसार मोकळीक आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, आणि शब्द-चालीचे हक्क व कलाकाराचे हक्क त्याहून वेगळे. चौघांनी घरात ऐकणं आणि दुवा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणं यांत मोठा फरक आहे. सवाईतल्या त्या फिती जगासमोर मांडाव्यात असं वाटलं तर आधी त्या कलाकाराच्या घरच्यांना प्रत द्या आणि त्यांना विचारा. माझा अनुभव आहे, त्यांच्याकडे बहुधा ती नसते, आणि त्यांना होणारा आनंद तुम्ही विसरणार नाही.

खात्यांची नावं, पासवर्ड, कोणती डिस्क कुठे आहे, हे एका कागदावर लिहून बहिणीकडच्या डिस्कसोबत ठेवा. बाबांच्या खात्याबाबत तुम्ही जे आज सोसताय ते पुढच्यांना नको.

आणि 'घरी, पाऊस' ही कॅसेट. सगळ्यात आधी ऐकायची आहे हे मला कळतं. पण ती पहिली लावू नका. पहिल्या पाच-सहा कॅसेटमध्ये आवाजाची पातळी चुकते, कोन चुकतो, कधी फीत चाकात अडकते. आधी पहिल्या ढिगातल्या, बाजारात मिळणाऱ्या दहा कॅसेटवर, फक्त सरावापुरता, हात बसवा. तोवर तिला खोक्यातून काढून उभी ठेवा, स्पीकरपासून लांब, कारण त्यात लोहचुंबक असतो. मागच्या बाजूचे दोन छोटे प्लास्टिकचे दात तपासा, शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून 'रेकॉर्ड' दाबलं गेलं तरी तिच्यावर काही उमटणार नाही. मग एखाद्या संध्याकाळी आईंना बोलवा, भावाला फोनवर घ्या, 'रेकॉर्ड' ऑडॅसिटीत दाबा आणि दोन्ही बाजू मध्ये न थांबवता पूर्ण वाजू द्या. गाणं सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा भाग कापू नका. बाबांनी बटण दाबल्यावर ते काही बोलले असतील तर ते तिथेच असेल.